खेळ कुणाचा, नियम कुणाचे?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. केळापूर तालुक्यातल्या एका गावात किशोरी गटाची बैठक होती. कापूस वेचणीचे दिवस. पोरी सकाळपासून आयांबरोबर शेतात गेलेल्या, म्हणून बैठक संध्याकाळी सहानंतर अंगणवाडीच्या ओट्यावर बसली. विषय गावातल्या बायांनीच सुचवला होता. "ताई, पोरं दिवसभर त्या गेमात घुसून रायतात. जेवाले हाक मारली तरी आयकत नाही. तुम्ही त्यायले काही सांगा." मी तयारी करून गेले होते. डोळ्यांवर होणारा परिणाम, अभ्यासाचं नुकसान, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत दिलेली जागा, असे मुद्दे वहीत लिहून घेतले होते.

दहा-पंधरा मिनिटं मी बोलले. पोरी ऐकत होत्या, निदान ऐकल्यासारखं दाखवत होत्या. मग नववीतली एक मुलगी उठली. तिचं खरं नाव इथे देत नाही, आपण तिला वैष्णवी म्हणू. ती म्हणाली, "ताई, पोरगी म्हणून खेळलं तं गेमातले पोट्टे शिव्या देतात. पोट्टा बनून खेळलं तं घरचे मारतात. मंग आम्ही खेळाव तरी कसं?"

माझ्या वहीत 'खेळू नका' एवढंच उत्तर होतं. पण खेळावं की नाही, हे ती विचारतच नव्हती. 'कसं' असा तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

नंतर तिच्याकडून आणि तिच्या मैत्रिणींकडून हकीकत कळली. भाऊ बाहेर गेला की वैष्णवी त्याच्या फोनवर, त्याच्याच नावाने 'फ्री फायर' खेळायची. या खेळात पन्नास जण एका बेटावर उतरतात. हत्यारं शोधायची, एकमेकांना टिपायचं, सुरक्षित जागेचं वर्तुळ आक्रसत जातं आणि शेवटी जो उरेल तो जिंकला. अनोळखी खेळाडूंबरोबर चौघांची तुकडी करता येते आणि आपसात बोलताही येतं. वैष्णवी माइक कायम बंद ठेवायची. एक दिवस तो चुकून चालू राहिला. पलीकडच्या मुलांना मुलीचा आवाज ऐकू आला आणि शिव्यांचा, घाणेरड्या प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. त्यातला एक तिच्या भावाच्या ओळखीचा निघाला. तासाभरात ही गोष्ट घरी पोचली. त्या शिव्या देणाऱ्या मुलांना कुणी काही विचारलं नाही. वैष्णवीने मात्र मार खाल्ला, तिचं फोनला हात लावणं बंद झालं आणि बाप म्हणाला, "पोरगी हाताबाहेर चालली, पुढच्या उन्हाळ्यात उजवून टाकू." मुलीचं वय चौदा.

बैठकीहून परतताना मनाशी कबूल केलं की ज्याच्याबद्दल मी उपदेश करत होते ते मला धड ठाऊकच नव्हतं. म्हणून पुढच्या दोन बैठकांत मी पोरींनाच सांगितलं, तुम्ही शिकवा, मी शिकते. त्या शिकवणीतून आणि नंतरच्या वाचनातून जे कळलं ते या संपादकीयात तुमच्यापुढे ठेवते आहे.

तसं व्हिडिओ गेमचं आणि माझं नातं अगदीच नवं नाही. माझं लहानपण यवतमाळ शहरात गेलं. टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालून खेळायचा गेम नव्वदीच्या शेवटी आमच्या घरी आला. आणला होता भावासाठी. त्याला दोन रिमोट होते, पहिला भावाचा आणि दुसरा माझा. 'मारिओ'मध्ये पहिल्या खेळाडूचा जीव गेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. भाऊ चांगला खेळायचा, त्यामुळे मी बहुतेक वेळ रिमोट हातात धरून नुसती बघत बसायची. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. जेवणाच्या पंगतीतही आधी तोच बसायचा.

तमाशाला गेलेल्या माणसाला आधी गण होणार, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग, हे ठाऊक असतं. व्हिडिओ गेमचेही असेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे ठरलेले संकेत आहेत. खेळणाऱ्याला ते कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. नाणं दिसलं की गोळा करायचं, लाल रंग म्हणजे धोका, टप्प्याच्या शेवटी मोठा शत्रू येणार. सगळ्यांना माहीत असलेल्या आणि कुणीच न विचारलेल्या गोष्टीला आपण रूढी म्हणतो. खेळांनाही रूढी असतात, आणि त्या कुणीतरी पाडलेल्या असतात.

उड्या मारत पुढे जाण्याचा प्रकार घ्या. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'डाँकी काँग' काढला. एक महाकाय माकड बाईला पळवून उंच चढून बसतं आणि नायक पिंपं चुकवत तिला सोडवायला वर चढतो. तोच नायक १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आला. आठ जगं पार करायची आणि राजकन्येला सोडवायचं. पहिल्या सात किल्ल्यांच्या शेवटी भलताच कुणी भेटतो आणि राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे असं सांगतो. राजकन्या काय करते? वाट बघते. ती खेळाडू नाही, ती बक्षीस आहे. पोरींना हे सांगितलं तेव्हा एक जण पटकन म्हणाली, "म्हणजे द्रौपदीसारखंच." तिच्या बोलण्याने मी चमकले. द्यूतसभेत सोंगट्या पुरुषांच्या हाती होत्या आणि द्रौपदी पणाला लावलेली. खेळात बाईची जागा पटावर नाही, पणात आहे, ही रूढी जपानी कंपनीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे नांदते आहे.

आणि हे टप्प्याटप्प्याने पुढे ढकलणंही आपल्याला नवीन नाही. आपल्या वऱ्हाडात भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यातल्या एका गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते आधी कारल्याचं बी पेर. पेरलं, तर वेल येऊ दे. वेल आला, तर फूल, मग कारलं, मग त्याची भाजी. प्रत्येक वेळी पुढचं काम, आणि माहेर आणखी एक टप्पा लांब. हे गाणं आपण सगळ्यांनी लहानपणी फेर धरून म्हटलं आहे. आता ऐकते तेव्हा वाटतं, व्हिडिओ गेमच्या 'लेव्हल' आपल्या आज्यांना पक्क्या ठाऊक होत्या. फरक एवढाच की मारिओला शेवटी राजकन्या मिळते. गाण्यातल्या सुनेला प्रत्येक टप्प्याशेवटी फक्त नवं काम मिळतं.

मारामारीच्या खेळांत बाई आली ती उशिरा आणि एकटी. 'स्ट्रीट फायटर टू' या १९९१च्या गाजलेल्या खेळात निवडायला आठ योद्धे होते, त्यांत एक बाई. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८६ साली, 'मेट्रॉइड' नावाचा खेळ आला. चिलखतातला शूर वीर अख्खा खेळ लढतो आणि शेवटी कळतं की ती बाई आहे. पण हे उघड कसं करतात? खेळाडूने जितक्या लवकर खेळ संपवला तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी. सर्वांत चपळ खेळाडूला ती पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत दिसते. म्हणजे जी लढली तीच शेवटी बक्षीस झाली.

मारिओच्या त्या राजकन्येच्या नावाने २००५ साली एक स्वतंत्र खेळ निघाला. त्यात ती स्वतः मारिओला सोडवायला जाते. मला आनंद झाला. मग तिची शस्त्रं कोणती ते वाचलं: रडणं, रागावणं, आनंदी होणं, शांत होणं. रडली की अश्रूंचे पाट वाहतात, संतापली की आग लागते. नायिका करायला निघालेल्यांनाही बाईच्या हाती तिचा स्वभाव सोडून दुसरं काही देणं सुचलं नाही.

'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा मोटारी पळवण्याचा आणि गुन्हेगारीचा खेळ. त्याचा 'व्हाइस सिटी' हा २००२ सालचा भाग इंटरनेट कॅफेंमध्ये मुलं तासाच्या भाड्याने खेळायची. त्यात रस्त्यावरच्या वेश्येला गाडीत घेतलं की खेळाडूची तब्येत सुधारते, आणि नंतर तिला मारलं की दिलेले पैसे परत मिळतात. 'कर' असं खेळ कुठेही सांगत नाही, पण करायला वाट ठेवलेली आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी तो नव्हताच, पण खेळणाऱ्यांत सातवी-आठवीतली मुलं होती. ही मुलं आज माझ्या वयाची आहेत, नवरे आहेत, बाप आहेत. गेममुळे माणूस बिघडतो असं सरसकट म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. पण अशा खेळात बाईला मारून काहीच बिघडत नाही हे पाहिलेल्या मुलाशी त्याबद्दल घरात, शाळेत कुणी एक वाक्य बोललं होतं का, हा प्रश्न मात्र विचारायला हवा.

फोन आल्यावर सतत धावत राहण्याचे खेळ लोकप्रिय झाले. २०११चा 'टेम्पल रन' आमच्या गटातल्या प्रत्येकीला माहीत होता. त्यात सुरुवातीला फुकट मिळतो तो पुरुष; बाई हवी असेल तर दहा हजार नाणी जमवून विकत घ्यावी लागायची. २०१५ साली अमेरिकेत सहावीतल्या बारा वर्षांच्या एका मुलीने असे पन्नास खेळ घेऊन मोजणी केली. ९८ टक्के खेळांत मुलगा होऊन खेळता येत होतं, ४६ टक्के खेळांत मुलगी होऊन. आणि मुलाचं पात्र बहुतेक ठिकाणी फुकट तर मुलीचं बहुतेक ठिकाणी विकत होतं. तिने वर्तमानपत्रात लेख लिहिला, बोलबाला झाला, काही कंपन्यांना दखल घ्यावी लागली. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की 'टेम्पल रन' नवरा-बायकोने मिळून काढलेल्या कंपनीचा खेळ आहे. बनवणाऱ्यांत बाई होती तरी पहिलं पात्र पुरुषच झालं. रूढी चालवायला कुणी दुष्ट माणूस लागत नाही. न विचारता पुढे चालू ठेवलं की पुरतं.

पोरींनी मला शिकवलेल्या खेळांत सर्वांत गंमत शेतीच्या खेळाने केली. 'हे डे' हा फिनलंडच्या कंपनीचा २०१२चा खेळ. त्यात गहू दोन मिनिटांत तयार होतो. कापूसही आहे, तो काही तासांत निघतो. पीक कधी वाळत नाही, पाऊस दगा देत नाही, सावकार नाही, बोंडअळी नाही. ज्या पोरी दिवसभर पऱ्हाटीत वाकून कापूस वेचून आल्या होत्या त्या रात्री फोनवर हे शेत पिकवत होत्या. मी विचारलं, यात काय आवडतं? एक म्हणाली, "त्यात वावर माह्या नावावर हाये ना ताई!" सगळ्या हसल्या. मी हसले, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही. आपल्या जिल्ह्यात पेरणी, निंदण, वेचणी बाईची, आणि कापूस विकून हाती येणारी पट्टी व सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावाचा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, २००५ साली तो देशभर झाला, तरी बहिणीचं हक्कसोड अजून राखीपौर्णिमेच्या ओवाळणीसारखं मागितलं जातं. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. खेळातल्या शेतात फवारणीच नाही. खेळ खोटा आहे हे पोरींना पक्कं कळतं. पण सातबाऱ्यावर आपलं नाव असलेलं शेत कसं दिसतं, हे त्यांना आजवर दुसरीकडे कुठे पाहायला मिळालं नव्हतं.

आता बायांच्या खेळांकडे वळू. २०२०च्या टाळेबंदीत 'लुडो किंग' घरोघरी पोचला. नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ साली काढलेला हा खेळ म्हणजे आपल्या पचिशीचा इंग्रजांमार्फत परत आलेला अवतार. कित्येक घरांत सासू, सून आणि नातवंडं एका फोनभोवती बसलेली मी पाहिली. 'कँडी क्रश'सारखी कोडी तर दुपारच्या अर्ध्या तासात असंख्य बाया सोडवतात. पण विचारा, "तुम्ही गेम खेळता का?" उत्तर येतं, "छे, आम्ही कुठे! ते आपलं टाइमपास." मुलं म्हणतात, ते काही खरे गेम नाहीत. खरे म्हणजे बंदुकीचे. बाईने केलेला स्वयंपाक काम नसतो, बाईने रचलेली ओवी कैक वर्षं साहित्य नव्हती, तसंच बाईने खेळलेला खेळ खेळ नसतो. आणि 'मुलींचे' म्हणून जे वेगळे काढलेले असतात त्यांत काय आहे? नवरी सजवा, केक करा, बाळाला आंघोळ घाला. दिवसभर जे करायचं तेच गुलाबी रंगात.

पैसे लावून खेळायच्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण आपल्या बचतगटांना त्याची झळ पोचली आहे. एका गटातल्या ताईंनी हप्त्यासाठी जमवलेली रक्कम नवऱ्याने फोनवरच्या रमीत घालवली. आधी पैसे गेले, मग त्या भरून काढण्यासाठी मंगळसूत्र गहाण पडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो हवाच होता. पण त्या ताईंचं मंगळसूत्र कायद्याने परत येत नाही, आणि नवऱ्याच्या खेळाचा पण बायकोने भरायचा ही जुनी रीतही त्याने मोडत नाही. ते काम आपलं आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळं बंदच करा. मीही तशीच वही घेऊन गेले होते. पण बंदी आली की ती कुणाच्या वाट्याला येते, हे वैष्णवीच्या घरात मी पाहिलं. भावाचा फोन भावापाशीच आहे. तो आजही खेळतो.

दुसरं असं की हे खेळ बनवणाऱ्यांतही सुरुवातीपासून बाया होत्या, फक्त आपल्याला त्यांची नावं कुणी सांगितली नाहीत. नदीवरून विमान उडवत पूल उडवायचा 'रिव्हर रेड' १९८२ साली कॅरल शॉ या बाईने लिहिला. ज्यात चित्रं बघत, शोध घेत गोष्ट पुढे न्यायची त्या साहसखेळांचा पाया रोबर्टा विल्यम्स यांनी १९८० साली 'मिस्टरी हाउस' लिहून घातला. आपल्याकडे २०२० साली पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स' या छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघते. मारिओची गोष्ट उलटी झाली. माझ्यातल्या कार्यकर्तीला वाटलंच की बहिणीने भावासाठी लढणं आपल्या समाजाला लगेच पचतं. ती स्वतःसाठी निघाली असती तर? तरीही मराठी मुलुखात बनलेल्या खेळाची नायिका एक मुलगी आहे हे मी पोरींना मुद्दाम सांगितलं. कोलकात्यात लीना केजरीवाल यांनी २०१६ साली 'मिसिंग' हा खेळ काढला. त्यात खेळणारा स्वतः विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी असतो आणि सुटकेसाठी एकेक निर्णय घ्यावा लागतो. तो खेळताना बहुतेक वाटा बंद असतात, आणि त्या बंद का आहेत हे हळूहळू कळत जातं. म्हणजे हेच साधन वापरून वेगळा नियम लिहिता येतो.

आणि या सगळ्या प्रकारांत एक रूढी अशी आहे जी मला मनापासून आवडली. खेळात चूक माफ असते. खड्ड्यात पडलात, पुन्हा उभे राहा. तीन जीव असतात, ते संपले तर पुन्हा सुरुवात करा. कुणी शिव्या देत नाही, शाळा सोडवत नाही, लग्न लावत नाही. पडल्याशिवाय खड्डा कुठे आहे ते कळत नाही, हे खेळ बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. मुलग्यांना घरातही अशीच वागणूक मिळते. दहावीत नापास झाला, पुन्हा बसेल. गाडी ठोकली, पोरगा आहे, शिकेल. मुलीला मात्र एकच जीव. वैष्णवीचा माइक एकदा चालू राहिला आणि डाव संपल्याचं घराने जाहीर केलं. खेळाने तिला परत बोलावलं असतं. घराने बोलावलं नाही.

तिच्या घरी आम्ही गेलो. मी, अंगणवाडी सेविका आणि तिच्या वर्गशिक्षिका. बापाला एकदम कायदा दाखवला नाही. आधी ऐकून घेतलं. त्याची भीती खरी होती. "उद्या कोणी फोटो काढला, गावात नाव झालं, तं मी कोणाले तोंड दाखवू?" शिव्या देणाऱ्या मुलांच्या बापांनी तोंड लपवायचं की तुम्ही, असं शिक्षिकांनी विचारलं तेव्हा तो गप्प बसला. मग आम्ही सांगितलं: अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न २००६च्या कायद्याने गुन्हा आहे, गावचे ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, आणि १०९८ या क्रमांकावर कुणीही, खुद्द मुलगीही, फोन करू शकते. तिच्या आईला हा क्रमांक नव्याने कळला. तिने तो चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला.

लग्नाचं बोलणं सध्या थांबलं आहे. बाप म्हणतो, "दहावी होऊ दे, मंग पाहू." हा विजय आहे असं मी म्हणत नाही. एक टप्पा पुढे ढकलला आहे, एवढंच. वैष्णवी शाळेत जाते. फोन तिला मिळालेला नाही.

गटात आता आम्ही कोणताही खेळ, मालिका किंवा सिनेमा पाहिला की तीन प्रश्न विचारतो. यात करणारं कोण आहे? वाट बघणारं कोण आहे? आणि जिंकल्यावर काय मिळतं, वस्तू की माणूस? खेळायला बंदी नाही. अनोळखी माणसाला खरं नाव, गाव, शाळा सांगायची नाही. कुणी घाण बोललं तर त्या बोलण्याचा फोटो काढून ठेवायचा, त्याला खेळातच अडवायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, हे शिकवतो. आणि मोठ्या माणसांची वेगळी बैठक घेतो, कारण सांगितल्यावर मार बसणार असेल तर कुठली मुलगी सांगेल? मुलग्यांची बैठकही सुरू केली आहे. पहिल्या खेपेला चौघे आले, त्यांत वैष्णवीचा भाऊ होता. तो काही बोलला नाही, पण शेवटपर्यंत बसला.

मागच्या महिन्यात पोरींनी चार्टपेपरवर स्वतःचा खेळ काढला. एका मुलीला गावातून पांढरकवड्याच्या कॉलेजात पोचायचं आहे. पहिल्या टप्प्यात आई आजारी आहे, स्वयंपाक करून निघायचं. दुसऱ्यात बस चुकते. तिसऱ्यात रस्त्यात पोरं छेडतात. चौथ्यात मामा स्थळ घेऊन येतो, तो शेवटचा मोठा शत्रू, त्याचं चित्र काढताना हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी बक्षीस काय ठेवायचं यावर वाद झाला. एकीने सरकारी नोकरीवाला नवरा सुचवला, तो बाकीच्यांनी हाणून पाडला. ठरलं की शेवटी कुणी भेटत नाही, फक्त कॉलेजचं दार उघडतं आणि मुलगी आत जाते.

मग मी विचारलं, हिला जीव किती द्यायचे? कुणी तीन म्हणालं, कुणी पाच. वैष्णवी चार्टपेपरवर ओणवी होऊन रंग भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मोजू नका ना ताई. पडन तेवढ्या खेपा उठन ते."

तो चार्टपेपर अंगणवाडीच्या भिंतीवर लावला आहे. मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या, गटातल्या, वर्गातल्या मुली काय खेळतात, कुणाच्या नावाने खेळतात आणि त्यांच्या चुकीला किती वेळा माफी आहे, हे त्यांना विचारा आणि आम्हाला लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.